मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण आणि रुग्णाचे कुटुंब

एखाद्या घरातील वडिलांची किंवा आईची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिला, म्हणजे घरातील सर्वांचे लक्ष साहजिकच शस्त्रक्रियेच्या दिवसाकडे लागते. तो एक दिवस पार पडला की संकट टळले, अशी सर्वांची समजूत असते. वस्तुतः शस्त्रक्रिया ही काही तासांची गोष्ट आहे. तिच्या आधीची तयारी काही महिने चालते आणि तिच्यानंतरची काळजी नवे मूत्रपिंड काम करीत असेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षे, घ्यावी लागते. ही काळजी रुग्णालयात नव्हे तर घरात घेतली जाते. आणि ती घेणारी माणसे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतलेली नसतात. म्हणून प्रत्यारोपण हे एका शरीरावर केले जात असले, तरी ते पेलावे लागते संपूर्ण कुटुंबाला, हे प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे. कुटुंबाने हे काम कसे वाटून घ्यावे आणि त्यात कोणावरही अन्याय कसा होऊ देऊ नये, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

थोडा पूर्वेतिहास

मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे झाले. डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावाच्या शरीरात बसविले. हे दोघे भाऊ एकाच फलित बीजापासून जन्मलेले असल्यामुळे त्यांच्या ऊती अगदी सारख्या होत्या. साहजिकच आजारी भावाच्या शरीराने नव्या अवयवाला परके मानले नाही आणि तो पुढे आठ वर्षे जगला. या कार्याबद्दल डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले आणि त्यानंतर देशातील इतर मोठ्या शहरांतही ही शस्त्रक्रिया होऊ लागली.

परंतु प्रत्येक रुग्णाला जुळे भावंड असत नाही. इतर कोणाचाही अवयव शरीरात बसविला, की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला परका समजून त्याच्यावर हल्ला करते. हा हल्ला आवरून धरणारी औषधे हळूहळू हाती आली. त्यांतील सायक्लोस्पोरिन हे औषध मातीत आढळणाऱ्या एका बुरशीपासून मिळाले व १९८० नंतरच्या दशकात ते सर्वत्र वापरात आले. पुढे जपानमधील मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या टॅक्रोलिमसने बऱ्याच अंशी त्याची जागा घेतली. या औषधांमुळे रक्ताचे नाते नसलेल्या पतिपत्नींनीही एकमेकांना मूत्रपिंड देणे शक्य झाले. मात्र त्याबरोबर जबाबदारीचे स्थानही बदलले. बॉस्टनच्या त्या जुळ्या भावांना निसर्गाने जे आयते दिले होते, ते आजच्या रुग्णाला रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घेऊन मिळवावे लागते. या वेळा सांभाळणे, हेच कुटुंबाच्या सर्व कामाचे सार आहे, असे म्हटले तरी चालेल.

निर्णयाचा काळ

मूत्रपिंडे रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळून टाकतात, शरीरातील पाण्याचे व क्षारांचे प्रमाण राखतात, रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास मदत करतात आणि रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यास आवश्यक असा एक स्राव निर्माण करतात. ती निकामी होण्याची आपल्याकडील प्रमुख कारणे म्हणजे मधुमेह व उच्च रक्तदाब. हे काम थांबले की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण असे दोनच मार्ग उरतात. डायलिसिससाठी बहुधा आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, रुग्णाला यंत्राला जोडून घ्यावे लागते. जाणे-येणे व नंतरचा थकवा धरला तर तो संपूर्ण दिवसच जातो. नोकरी टिकविणे कठीण होते. पिण्याच्या पाण्याचा घोटन् घोट मोजावा लागतो. केळी, नारळाचे पाणी यांसारख्या पदार्थांवर बंधने येतात. प्रत्यारोपणानंतर ही बंधने बरीचशी सैल होतात आणि आयुर्मानही सामान्यतः वाढते. मात्र प्रत्यारोपण म्हणजे रोगमुक्ती नव्हे. जिवंत दात्याचे मूत्रपिंड सरासरीने पंधरा ते वीस वर्षे, तर मृत दात्याचे त्याहून काहीसे कमी काळ काम करते. काहींचे याहून लवकर थांबते, काहींचे पुष्कळ अधिक टिकते. ही गोष्ट कुटुंबाला आधीच ठाऊक असावी. म्हणजे पुढे निराशा पदरी येत नाही.

प्रत्येक रुग्णाला प्रत्यारोपण मानवतेच असे नाही. हृदय, फुप्फुसे, दात, लपलेला क्षयरोग, कर्करोगाचा संशय अशा अनेक गोष्टींची तपासणी आधी केली जाते. या तपासण्यांचे कागद साठत जातात आणि प्रत्येक डॉक्टर तेच प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणून घरातील एका व्यक्तीने सर्व अहवाल तारखेनुसार एका फायलीत लावण्याचे काम पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घ्यावे. कायद्यानुसार प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक नेमलेला असतो. त्याची गाठ घेऊन पुढील पायऱ्या क्रमवार लिहून घेतल्यास बराच गोंधळ टळतो.

दाता कोण होणार?

हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला जाण्यापूर्वीच मनामनांत घोळू लागतो. भारतात अजूनही बहुतेक मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून, आणि तीही नातेवाइकांकडून, मिळतात. देशात सर्व अवयवांची मिळून होणारी प्रत्यारोपणे २०१३ मध्ये पाच हजारांहून कमी होती. २०२३ मध्ये ती अठरा हजारांहून अधिक झाली. तथापि मृत्यूनंतरच्या दानाचे प्रमाण त्या मानाने अल्पच राहिले आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व २०११ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. या कायद्याप्रमाणे पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, तसेच आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. यांखेरीज इतर कोणाला प्रेमापोटी अवयव द्यावयाचा असेल, तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. दाता अठरा वर्षे पूर्ण झालेला असावा लागतो. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्याला पाच ते दहा वर्षांपर्यंत कारावास व वीस लाख ते एक कोटी रुपये दंड, अशी शिक्षा सांगितलेली आहे. पैसे घेऊन दाता मिळवून देतो, असे म्हणणारा मनुष्य भेटल्यास त्याच्यापासून दूर राहावे. त्यात कायद्याचे भय तर आहेच, शिवाय एका गरजू माणसाची फसवणूकही आहे.

नातेवाइकांपैकी कोणाचा अवयव जुळेल, हे रक्तगट व ऊतींच्या तपासणीवरून ठरते. आई-वडील व अपत्य यांच्यात ऊतींची खूण अर्धी सारखी असते. दोन सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक, अर्धी जुळण्याचा चारांत दोन आणि मुळीच न जुळण्याचा चारांत एक असतो. एका घरातील दात्याचा रक्तगट जुळत नसेल व दुसऱ्या घरातही तीच अडचण असेल, तर दोन्ही घरांनी दात्यांची अदलाबदल करण्यास २०११ च्या सुधारणेने मुभा दिली आहे.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, तर अवयव मिळणाऱ्यांत पुरुष. पत्नी, आई किंवा बहीण पुढे होते, हे तिच्या प्रेमाचे द्योतक असते, यात शंका नाही. परंतु ‘मिळवता माणूस’ म्हणून मुलाला वा भावाला वगळले जाते आणि उरलेल्या एकीकडे सर्वांच्या नजरा वळतात, तेव्हा तिच्या होकाराला कितपत होकार म्हणावे, हा प्रश्न राहतोच. म्हणूनच दाता स्त्री असल्यास तिची संमती स्वतंत्र आहे, याची रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी, अशी तरतूद नियमांत करण्यात आली आहे.

आई किंवा वडील रुग्ण असताना अपत्याने दाता होण्याचा प्रसंग याहूनही अवघड असतो. पुष्कळ आई-वडील मुलाचे मूत्रपिंड घेण्यास साफ नकार देतात. देण्याचा मान आपला, घेण्याचा मुलांचा, अशी त्यांची आयुष्यभराची धारणा असते. त्यांच्या नकाराला हट्ट न मानता त्यामागील भीती समजून घ्यावी व डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलू द्यावे. उलट बाजूने, मातृऋण व पितृऋण फेडण्याची भाषा नातेवाइकांनी या वेळी मुळीच करू नये. ऋणाची आठवण देऊन मिळविलेला अवयव शरीराने स्वीकारला, तरी घराला तो जन्मभर बोचत राहतो. ज्याला द्यावयाचे नाही, त्याला कारण न सांगता नाही म्हणता आले पाहिजे. अनेक केंद्रांत डॉक्टर अशा व्यक्तीशी एकान्तात बोलतात आणि तिची इच्छा नसल्यास ‘वैद्यकीय दृष्ट्या योग्य नाही’ एवढेच घरी कळवितात. या सोयीचा लाभ घेण्यात कसलीही अप्रामाणिकता नाही.

दात्याला धोका किती, हेही त्याला नीट कळावयास हवे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत दर दहा हजार दात्यांमागे सुमारे तीन मृत्यू आढळले. धोका फार थोडा आहे, परंतु शून्य नाही. उरलेले एक मूत्रपिंड काही आठवड्यांत आपले काम वाढविते आणि पूर्वी दोघांनी मिळून केलेल्या कामाचा सुमारे दोनतृतीयांश भाग एकटे उचलते. दात्याने मात्र यापुढे दर वर्षी रक्तदाब, लघवी व रक्ताची तपासणी करून घेतली पाहिजे.

घरात कोणीही दाता होऊ शकत नसेल, तर रुग्णाचे नाव मृत दात्याच्या अवयवासाठी प्रतीक्षायादीत नोंदवितात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने या नोंदणीसाठी रहिवासाची अट व वयाची ६५ वर्षांची मर्यादा काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले. हा बोलावा रात्री-अपरात्रीही येऊ शकतो आणि तेव्हा वेळ थोडा असतो. फाइल, औषधे, कपडे, थोडी रोकड व सोबत जाणाऱ्या माणसाचे नाव, हे सर्व आधीच ठरलेले असावे.

मुलांना काय सांगावे?

घरातील लहान मुलांपासून आजार लपविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ‘त्यांना कशाला काळजी?’ असे आपण म्हणतो. परंतु मूल पाहत असते. आईचा हात सुजलेला दिसतो, दारे लावून कुजबुज चाललेली ऐकू येते, आजी देवापुढे रडताना दिसते. जे सांगितले जात नाही, ते मूल कल्पनेने भरून काढते. आणि मुलाची कल्पना बहुधा सत्याहून अधिक भयंकर असते. आपण भांडलो म्हणून बाबा आजारी पडले, असेही त्याला वाटू शकते.

म्हणून मुलाच्या वयाला झेपेल इतके, पण खरेच सांगावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला असे सांगता येईल : “बाबांच्या पोटात रक्त स्वच्छ करणारा जो भाग असतो, तो थकला आहे. काकू त्यांना आपला एक देणार आहे. डॉक्टर दोघांनाही झोपवून तो बसवतील. बाबा काही दिवस दवाखान्यात राहतील. तुझ्यामुळे हे झालेले नाही.” सर्व ठीक होईलच, असे वचन देऊ नये, डॉक्टर व आपण सर्व जण प्रयत्न करीत आहोत, हे सांगावे. त्या काळात त्याला शाळेत कोण पोहोचविणार, रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार, हे निश्चित सांगितले तर त्याला मोठा धीर येतो. पौगंडावस्थेतील मुलांना याहून अधिक माहिती हवी असते. त्यांना एकदा डॉक्टरांच्या भेटीस बरोबर न्यावे.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. घरातील मोठ्या मुलीवर स्वयंपाक, धाकटी भावंडे व रुग्ण या तिन्हींचा भार नकळत पडतो आणि तिची शाळा किंवा कॉलेज सुटते. हे कोणी ठरवून करीत नाही; म्हणूनच ते होऊ नये, हे ठरवावे लागते.

पैसा, रजा आणि कामांची वाटणी

शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी व खाजगी रुग्णालयांत फार भिन्न असतो. कोठेही जावयाचे असले, तरी कुटुंबाने शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबर नंतरच्या औषधांचा व तपासण्यांचा मासिक खर्च प्रथमच विचारून घ्यावा. साठविलेले सर्व पैसे शस्त्रक्रियेत संपवून दुसऱ्या वर्षी औषधे परवडेनाशी होणे, ही अत्यंत दुःखद परंतु टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीतून मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. अनेक राज्यांच्या आरोग्य योजनांतही या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. अर्ज सामान्यतः शस्त्रक्रियेपूर्वी करावा लागतो. त्याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करावी. अवयवदान करणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आहे. खाजगी नोकरीत असलेल्या दात्याने आपल्या रजेचा प्रश्न आधीच सोडवून घ्यावा.

कामांची वाटणी करताना दोन शस्त्रक्रिया एकाच दिवशी आहेत, हे विसरू नये. दाता व रुग्ण पतिपत्नी असतील, तर घरातील दोन्ही कर्ती माणसे एकाच वेळी अंथरुणावर असतात. अशा वेळी रुग्णाजवळ एक, दात्याजवळ एक आणि घरी मुलांजवळ एक, अशी निदान तीन माणसे लागतात. शिवाय त्यांना विसावा देणारी बदली माणसेही हवीत. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे शेजारी व आप्त पुष्कळ असतात. त्यांना नेमके काम सांगावे : मंगळवारी व शुक्रवारी डबा, मुलांना शाळेतून आणणे, वीजबिल भरणे. नेमके काम मिळाले की मदत करणाऱ्यालाही समाधान वाटते.

शस्त्रक्रियेचे दिवस

नवे मूत्रपिंड पाठीमागे, जुन्यांच्या जागी बसवीत नाहीत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ते ओटीपोटाच्या एका बाजूस बसवून त्याची रोहिणी व नीला तेथील मोठ्या रक्तवाहिन्यांना आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. जुनी मूत्रपिंडे बहुधा तशीच राहू देतात. जिवंत दात्याचे मूत्रपिंड अनेकदा काही मिनिटांतच लघवी तयार करू लागते. मृत दात्याचे मूत्रपिंड जागे होण्यास काही दिवस लागू शकतात व तोवर डायलिसिस चालू ठेवावे लागते. म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असे नव्हे. दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झालेला दाता साधारणपणे तीन ते पाच दिवसांत घरी जातो. रुग्णाला एक ते दोन आठवडे राहावे लागते.

या दिवसांत सर्वांचे डोळे रुग्णाकडे असतात. त्याची लघवी किती झाली, क्रिएटिनिन किती उतरले, याचीच चर्चा चालते. शेजारच्या खोलीत दाता एकटा पडलेला असतो. खरे पाहता वेदना त्यालाच अधिक जाणवतात. कारण रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर पूर्वीपेक्षा बरे वाटू लागते, तर दाता धडधाकट येऊन आजारी झालेला असतो. घरी गेल्यावरही त्याने सुमारे सहा आठवडे जड वजन उचलू नये. दाता जर घरातील गृहिणी असेल, तर चार दिवसांत तिच्या हाती पाण्याची बादली व पोळपाट-लाटणे येणार नाही, याची जबाबदारी घरातील पुरुषांनी घेतली पाहिजे.

घरी आल्यानंतरचे पहिले महिने

पहिले तीन महिने सर्वांत जपण्याचे असतात. औषधांचे प्रमाण या काळात अधिक असते व म्हणून जंतुसंसर्गाची भीतीही अधिक असते. रुग्णाला आठवड्यातून एक-दोनदा तपासणीस जावे लागते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व प्रेडनिसोलोन ही औषधे बहुधा एकत्र दिली जातात. त्यांतील पहिली दोन सामान्यतः बारा-बारा तासांनी घेतात. रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी मोजावयाची असेल, त्या दिवशी सकाळची मात्रा रक्त दिल्यानंतर घ्यावयाची असते; हे न कळल्यामुळे पुष्कळदा चाचणी वाया जाते. औषधांची कंपनी आपल्या मनाने बदलू नये. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध घेण्यापूर्वी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारावे. काही प्रतिजैविके व बुरशीवरील औषधे टॅक्रोलिमसची पातळी धोकादायक रीतीने वाढवितात, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन ती खाली आणते, तर नेहमीच्या अनेक वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडालाच इजा करतात. काढे, भस्मे व शक्तिवर्धक चूर्णे यांनाही हाच नियम लागू आहे. ती देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याला या औषधांची कल्पना नसते.

एक वही घालून तीत रोज वजन, ताप, रक्तदाब, प्यालेले पाणी, झालेली लघवी व घेतलेली औषधे लिहावीत. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, दोन दिवसांत वजन एक-दोन किलोंनी वाढणे, लघवी कमी होणे, पायांवर सूज, नव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखणे, सतत उलट्या किंवा जुलाब, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा. शरीराने अवयव नाकारण्यास सुरुवात केली असेल, तर वेळीच कळल्यास तो हल्ला बहुधा परतविता येतो. पुष्कळदा मात्र याची काहीच लक्षणे नसतात आणि केवळ रक्ताच्या तपासणीतच क्रिएटिनिन वाढलेले दिसते. म्हणून बरे वाटत असतानाही तपासणी चुकवू नये.

घरातील अन्न ताजे व नीट शिजविलेले असावे. पाणी उकळलेले, दूध तापविलेले असावे. पहिल्या काही महिन्यांत कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्ये, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळे व उसाचा रस टाळावा. पपनस व त्या जातीची फळे तर नेहमीच टाळावीत. त्यांच्यामुळे रक्तातील औषधाची पातळी बिघडते. ज्या घराने पूर्वी पाण्याचा पेला मोजून दिला, त्याच घराला आता ‘आणखी थोडे प्या’ असा आग्रह करावा लागतो. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे रुग्णाचा हात आखडतो, हे समजून घ्यावे. एकादशी, रोजे किंवा इतर उपवास यांबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. औषधाची वेळ चुकेल किंवा पाणी बंद होईल, असा उपवास करू नये.

रुग्णाला भेटीस जाणे हा आपल्याकडे शिष्टाचार मानला जातो. परंतु या काळात गर्दी हीच धोक्याची असते. ज्याला सर्दी-खोकला आहे, त्याला दारातूनच नम्रपणे परत पाठविण्याचे काम घरातील एका वडीलधाऱ्या माणसाकडे द्यावे. सुनेला किंवा मुलाला ते अवघड जाते. घराची रंगरंगोटी, धूळ, खिडकीतील कबुतरांची विष्ठा, कुंड्यांतील माती यांपासून रुग्णाने दूर राहावे. घरातील तान्ह्या मुलाला लस द्यावयाची असल्यास डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी. कारण जिवंत जंतूंच्या काही लशींबाबत विशेष काळजी घ्यावी लागते.

मनाची अवस्था

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी घरातील वातावरण लगेच आनंदी होईलच असे नाही. प्रेडनिसोलोनमुळे चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, भूक वाढते, झोप उडते व चिडचिड होते. टॅक्रोलिमसमुळे हात थरथरतात. काहींना नव्याने मधुमेह होतो. वडील विनाकारण रागावू लागले, तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, हे मुलांना सांगून ठेवावे व डॉक्टरांच्याही कानावर घालावे. औषध मात्र आपण होऊन कमी करू नये.

रुग्णाच्या मनात कृतज्ञतेबरोबर ओझेही असते. आपल्यासाठी कोणी शरीराचा भाग दिला, याची परतफेड होत नाही. आणि जी परतफेड होत नाही, तिचा उच्चार सतत झाला तर नाते अवघडते. दात्याने दिलेल्याचा उल्लेख वारंवार करू नये, तसेच रुग्णाच्या प्रत्येक घासावर पहारा ठेवू नये. पुढे कधी अवयव निकामी झाला, तर दात्याला आपले देणे व्यर्थ गेल्यासारखे वाटते. अशा वेळी त्याच्या दुःखाचीही कोणीतरी विचारपूस करावी. शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा थकवाही तितकाच खरा असतो. त्याला आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी मिळावी. मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर करणे नव्हे.

पुढची वर्षे

तीन-चार महिन्यांनी बहुतेक रुग्ण कामावर परत जातात. घर पुन्हा आपल्या गतीने चालू लागते. खरा धोका येथूनच निराळ्या स्वरूपात सुरू होतो. रुग्णाला आजारी वाटत नाही, औषधे महाग असतात, प्रवासात गोळ्या विसरतात, लग्नसराईत वेळा चुकतात. एखादी मात्रा चुकूनही काही झाले नाही, असे दिसले की धीर चेपतो. आतमध्ये मात्र प्रतिकारयंत्रणा हळूहळू आपले काम करीत राहते. चांगले चाललेले मूत्रपिंड औषधे अनियमित झाल्यामुळे गमावणाऱ्या रुग्णांची संख्या थोडी नाही. म्हणून निदान पंधरा दिवसांची औषधे घरात नेहमी शिल्लक असावीत. पैशाची अडचण आल्यास ती लपवून गोळ्या अर्ध्या करण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. स्वस्त पर्याय किंवा साहाय्य मिळवून देणे पुष्कळदा शक्य असते. या औषधांमुळे त्वचेच्या व इतर काही कर्करोगांचा संभव थोडा वाढतो, म्हणून वार्षिक तपासणीही चुकवू नये.

शुश्रूषेचे हळूहळू विसर्जनही करावयास हवे. प्रारंभी वही पत्नी किंवा मुलगा लिहीत असेल, तर काही महिन्यांनी ती रुग्णाच्या हाती द्यावी. औषधांची नावे, मात्रा व वेळा त्याला स्वतःला तोंडपाठ असाव्यात. जो आई किंवा बाप होता, तो पुन्हा आई किंवा बाप व्हावा, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करणारा, घरच्या निर्णयांत मत देणारा व्हावा, यासाठीच हा सारा खटाटोप असतो. घरातील गोळ्यांची वेळ जेवणाच्या वेळेसारखी सहज झाली, दात्याची तपासणी रुग्णाच्या तपासणीइतकीच नेमाने होऊ लागली आणि मुलांच्या शिक्षणात खंड पडला नाही, म्हणजे प्रत्यारोपण घरानेही स्वीकारले, असे समजण्यास हरकत नाही.